लंकेतही ती बोलली नाही

मेडशीच्या फाट्यावर अकोल्याच्या एसटीची वाट पाहत उभ्या होतो, तेव्हाच मी थकलेली होते. प्रवास अजून सुरूही झाला नव्हता. दोन बॅगा, खांद्याला एक पिशवी, पिशवीत दोघींचे पासपोर्ट, आणि दर दोन मिनिटांनी मी हात घालून ते आहेत की नाहीत ते चाचपत होते. फाट्यावर चहाची गाडी लावणाऱ्या काकूंनी विचारलं, मायलेकी कुठं चालल्या. मी श्रीलंका म्हटलं तर त्यांना थट्टाच वाटली. खरं आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "लंकेले चालल्या तं सोन्याची एखांदी वीट आणजा बाप्पा आमच्यासाठी." मग मुलीकडे वळल्या आणि सगळे विचारतात तेच विचारलं, कोणत्या शाळेची सहल हाय म्हणून.

मुलगी रस्त्याकडे पाहत राहिली. उत्तर मी दिलं.

तीन वर्षं झाली, हे उत्तर मीच देते. ती शाळेत जात नाही, घरी शिकते. नाही, आजारी नाही. नाही, लग्नबिग्न काही ठरलं नाही. हो, परीक्षा देता येते, मुक्त शाळेतून दहावीला बसेल. माणसं आधी तिच्याकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. माझी शाळा सातवीत सुटली. गावात सातवीपर्यंतच होती, पुढे मेडशीला यावं लागे, आणि भावांबरोबर मलाही धाडायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याचं रडगाणं मी कधी केलं नाही. पण सातवी शिकलेल्या बाईने पोरगी शाळेतून काढून घरी बसवली, हे कुणी तोंडाने म्हटलं नाही तरी मला ऐकू येतं.

तिचीही सातवीतच सुटली. घरी ती भरपूर बोलते. तिचे बाबा जवळच्या धरणावर पाटकरी आहेत, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते पाहणारे, दारं उघडणारे. त्यांच्यासोबत धरणावर गेली की इतकी बोलते की तेच म्हणतात, थांब वं जराशी, दाराच्या चाकाचे आटे मोजू दे. पण परक्या माणसाने काही विचारलं की तिचा आवाज आत कुठं जातो, तिलाही सांगता येत नाही. शाळेत सर तिला उभं करायचे. उत्तर येईपर्यंत बसायचं नाही. एकदा दोन तास उभी होती, आणि सर म्हणत होते, बोल ना, काहून उभी राह्यली खांबासारखी. हे मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दप्तर पाठीला लावून दाराच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी दप्तर काढून घेतलं. तिचे बाबा माझ्याशी पंधरा दिवस धड बोलले नाहीत.

मग वाशिमच्या एक मॅडम भेटल्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या. घरी शिकणारी सात-आठ मुलं त्यांच्याकडे रविवारी जमतात. त्यांनीच मला सांगितलं की शिकवायची काळजी करू नका, नुसत्या जवळ बसा. तेव्हापासून मी बसते. ती वाचते, मग मला समजावून सांगते, आणि मला समजलं नाही तर पुन्हा वाचते. वर्गातला ढ विद्यार्थी मी. मला समजेपर्यंत तिचा धडा पक्का होतो.

श्रीलंकेची सहल मॅडमचीच. तिथले जुने तलाव पाहायचे, हजारो वर्षांपूर्वी बांधलेले आणि अजून शेतीला पाणी देणारे. मुलीने वर्षभर पाण्याचाच विषय घेतला होता. आम्हा दोघींच्या जाण्यायेण्याचं सगळं त्यांनी कुठून कुठून जमवलं आणि मला एका शब्दाने जाणवू दिलं नाही. त्यांचं नाव निघालं की माझे हात अजून आपोआप जुळतात.

पण तिच्या बाबांनी अट घातली, तिच्यासमोरच. अकोल्याच्या एका शाळेचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता. वसतिगृहाची शाळा. म्हणाले, "तुले इंग्रजी येत नाही, तिले येते. परक्या मुलखात तरी तिले बोलाच लागन. बोलली तं ठेव घरी. नाही बोलली तं जूनपासून वसतिगृह." फॉर्मची शेवटची तारीख आम्ही परत निघायचो त्या सोमवारची होती. मी हो म्हटलं. वाद घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, बोलेल. मुलगी ताटातली भाकर मोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

लंकेत ऊन आपल्यासारखंच, पण ओलं. अंगाला कपडा चिकटून राहायचा. चेन्नईपर्यंत रेल्वेत बसून आणि नंतर रोज बसने फिरून माझे पाय सुजले. सगळ्या भाज्यांत नारळ. मुलगी मिटक्या मारत खायची, मी भात आणि दही. मॅडम बोलायच्या, वाटाड्या बोलायचा, बाकीची मुलं पटापटा प्रश्न विचारायची. आमची वहीत लिहायची. तिच्यावर काही बोलायची वेळ आली की मी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून टाकायचं. रोज संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन. "बोलली काय?" मी म्हणायची, उद्या बोलन. उद्या, उद्या करत तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी अनुराधपूरच्या बाहेर एका खेड्यात गेलो. मोठा तलाव, त्याच्या काठाला लहानसं विहार. माझा पाय चपलेत मावेना, म्हणून मॅडम बाकीच्यांना घेऊन बांधावर गेल्या आणि आम्ही दोघी विहारात थांबलो. आमचं घर बौद्ध, त्यामुळे तिथं मला जरा घरच्यासारखं वाटलं. चुन्याची पांढरी भिंत, पिंपळ, गार फरशी. आम्ही वंदना घेतली. त्यानंतर मी जे केलं ते आमच्याकडे कुणीही केलं असतं. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, पोराने नवी गाडी घेतलेली असो, विहारात जायचं, मूर्तीसमोर रांगेने उभं राहायचं आणि फोटो काढायचा. माझ्या लग्नाचा चांगला असा एकच फोटो आहे, तो तसाच आहे. मी मुलीला म्हटलं, तिथं मधोमध उभी राह्य, ओढणी सरळ कर, बाबाले धाडू. ती मूर्तीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटले, म्हणून मी दुसरा काढला.

तेवढ्यात बाजूच्या दारातून पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई आली. हातात खराटा होता. ती मोठमोठ्याने बोलायला लागली. मूर्तीकडे हात, मुलीच्या पाठीकडे हात, माझ्या मोबाईलकडे हात. अंगणातून दोन माणसं धावत आली. त्यांच्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नव्हतं, पण राग कळत होता. तिथं मूर्तीकडे पाठ करून उभं राहणं, आणि तसा फोटो काढणं, म्हणजे भगवंताचा अपमान धरतात. हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त पोलीस दिसत होते. पासपोर्टच्या पिशवीवर माझा हात घट्ट होता आणि मनात एकच, आता आपल्याला इथंच ठेवून घेतील.

एका माणसाने इंग्रजीत विचारलं. का केलं, एवढंच विचारत असावा. मी मुलीकडे पाहिलं. म्हटलं, सांग त्याइले, आपल्याले माहीत नव्हतं म्हणून सांग.

ती उभी होती. हात मांड्यांना चिकटलेले, नजर फरशीवर. तिचं हे उभं राहणं मी फक्त ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. तिच्या शाळेच्या वर्गात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. माणसाने पुन्हा विचारलं. मी तिच्या दंडाला धरून हलवलं.

"बोल ना वं. काहून उभी राह्यली खांबासारखी?"

तोंडातून निघाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग मला जे जमत होतं ते केलं. मोबाईल त्या म्हातारीसमोर धरला, तिच्यादेखत दोन्ही फोटो पुसले. तोंड मूर्तीकडे करून खाली बसले, कपाळ फरशीला लावलं आणि त्रिशरण म्हणायला लागले. काही विचार करून नाही. मला भीती वाटली की मी तेच म्हणते, रात्री घरात विंचू निघाला तरी तेच म्हणते. मागची बोलाचाली थांबली. थोड्या वेळाने मागून म्हातारीचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. चाल वेगळी, शब्द तेच. पंचशीलाला आलो तेव्हा आणखी एक आवाज माझ्या बाजूला होता, अगदी हलका. मुलगी जवळ बसून म्हणत होती.

पूर्ण झाल्यावर म्हातारीने माझा सुजलेला पाय पाहिला. खराटा भिंतीला टेकवला, मला ओट्यावर बसवलं, बादलीभर गार पाणी आणलं आणि पाय त्यात बुडवायला लावले. आईने करावं तसं. मला रडू आलं, ते तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मघाची दोन माणसं हसून काहीतरी बोलली आणि निघून गेली.

ओट्यावर आम्ही दोघीच राहिलो. मुलगी म्हणाली, "आई, मले बोलता आलं असतं, तं मी बोलली नसती काय?"

मी तिच्या वेणीतली सुटलेली बट पुन्हा बांधून दिली, तिने बांधू दिली.

पायाची सूज जरा उतरल्यावर बांधावर गेलो. तिथं तलावाच्या पोटात, बांधाला लागून, दगडाची एक चौकोनी विहीर आहे. तलावातलं पाणी आधी तिच्यात येतं आणि मग पाटात जातं. मुलगी पावलांनी तिची लांबी मोजत होती, दगडावर हात ठेवून बघत होती, वहीत काढत होती. मॅडमना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी फोटोबद्दल समजावून सांगितलं, मुलीबद्दल काहीच म्हणाल्या नाहीत. त्याचेही मी उपकारच मानते.

त्या संध्याकाळी मी फोन उचलला नाही. रात्र गेली, सकाळी पुन्हा आला. "बोलली काय?"

माझ्याजवळ एक पळवाट होती. परक्या चार माणसांत तिने आवाज काढला होता, पंचशील म्हटलं होतं. हो म्हणून सांगितलं असतं तर ते पूर्ण खोटंही नव्हतं. सोमवारचा फॉर्म तिथल्या तिथे मिटला असता. पण मला तेवढं ओढूनताणून बोलायचाही कंटाळा आला होता. मी म्हटलं, नाही बोलली. मग विहारातलं सगळं सांगितलं, मी काय बोलले तेही. म्हटलं, "तिचे सर परवडले. ते तिची माय तरी नव्हते."

तिचे बाबा म्हणाले, दे तिले.

मला वाटलं रागावतील. मुलगी फोन घेऊन गॅलरीत गेली. मी आत बॅग भरत होते, पण कान तिकडेच. आधी हं, हं, एवढंच. मग तिचा आवाज चढला.

"नाही बाबा, गेट नाही. इहीर हाय, चौकोनी. पाण्याचा जोर तिच्यातच मोडते, मंग पाट फुटत नाही."

त्यांनी काहीतरी विचारलं. तिने वही उघडली, किती पावलं लांब, किती रुंद, दगड कसे बसवले, सांगत गेली. आमच्या धरणाच्या पाटाचं तोंड दोनदा फुटलं आहे, आणि दोन्ही वेळा बोलणी तिच्या बाबांना खावी लागली आहेत. ते विचारत होते, ही सांगत होती. मध्येच हसली. बॅग भरून झाली, चेन लावून झाली, खाली बसचा भोंगा वाजला, तरी दोघांचं चालूच.

सोमवारी आम्ही चेन्नईच्या फलाटावर होतो. गाडीला उशीर. मुलगी बॅगेवर डोकं ठेवून झोपली होती. दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, नाही भरला फॉर्म. मी का म्हणून विचारलं.

"वसतिगृहात एवढ्या पोरी. तिथं तिले कोण इचारन, इहीर कशी होती म्हणून?"

मग म्हणाले, पण पुढं कधी तोंडी परीक्षा आली तं काय करशीन. नोकरीत, सासरी, दवाखान्यात, कुठं कुठं पुरशीन तू. ते भांडत नव्हते. मी हेच रोज स्वतःला विचारते, हे त्यांना ठाऊक असेल नसेल. मी म्हटलं, मले नाही ठाऊक.

"मले बी नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे आम्ही दोघांनी एकमेकांजवळ पहिल्यांदाच कबूल केलं. फोन ठेवला तेव्हा गाडी लागत असल्याचं भोंग्यावर सांगत होते. मी मुलीला उठवलं, आणि एकेक बॅग धरून आम्ही डबा शोधायला निघालो.