डोल्माच्या पत्त्याची पडताळणी

मोटारसायकल मी लॉजच्या बरोबर दारात लावली. गाडी सरकारी, नवी कोरी, आणि टाकीवर लाल रंगात ठळक लिहिलेलं: क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम. मला त्या अक्षरांचं कौतुक होतं, हे कबूल करतो.

मी तेव्हा बीडला एसटीएस होतो, म्हणजे टीबीच्या पेशंटच्या उपचारावर देखरेख करणारा सुपरवायझर. डॉट्स नुकतंच सुरू झालं होतं. त्यात प्रत्येक पेशंटच्या नावाने औषधांचा एक बॉक्स असतो, पूर्ण कोर्सच्या गोळ्या त्यातच. पेशंटने दिवसाआड यायचं आणि आमच्या माणसासमोर गोळ्या गिळायच्या. मध्येच औषध सोडलं तर टीबी चिवट होतो, मग या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून बॉक्स उघडण्याआधी घरी जाऊन पत्ता खरा आहे का ते बघायचं. पेशंट आला नाही, तर शोधायचा कुठे?

डोल्मा तिबेटी होती. दिवाळीनंतर ही मंडळी बसस्टँडजवळ स्वेटरची पालं लावायची आणि संक्रांत झाली की कर्नाटकातल्या आपल्या वसाहतीत परत जायची. थुंकीच्या तपासणीत तिला टीबी निघाला. आमच्या साहेबांनी कागद बाजूला सारला.

"परदेशी आहे. त्यात दोन महिन्यांची पाहुणी."

"सर, तिचा जन्म कर्नाटकातला आहे."

"मग नागरिक आहे?"

"नाही. निर्वासिताचं कार्ड आहे. पोलिसांकडून शिक्का मारून घेते."

"बीडचा पत्ता बघून या. मग ठरवू."

म्हणून मी लॉजवर गेलो. एका खोलीत अकरा जण राहत होते. स्वेटरच्या गठ्ठ्यांवरच अंथरुणं. डोल्माचा नवरा पासांग दाराशी उभा राहून खोकत होता. तो खोकला मला आवडला नाही. 'नवऱ्याची थुंकी तपासणे' असं मी वहीत लिहिलं. एका घरातल्या सगळ्यांना तपासणं हेही आमचंच काम.

खाली लॉजमालक अप्पा गाडीपाशी उभे होते.

"सायब, टीबीची गाडी हितं कावून आली?"

"रूटीन व्हिजिट आहे, अप्पा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, निभावलं.

पत्ता खरा निघाला म्हणून साहेबांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी डोल्माने पहिला डोस घेतला. पुढच्या डोसला ती आलीच नाही. मी लॉजवर गेलो, तर खोली रिकामी आणि जिन्यापर्यंत फिनेलचा वास.

"लेकरंबाळं हायत माजी," अप्पा म्हणाले. "शिव्या न्हाई दिल्या म्या. निस्तं जा म्हनलं."

"औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण व्हायची भीती कमी होते, अप्पा."

"मंग तेबी लिवा की गाडीवर."

मी ऑफिसात परतलो.

साहेब म्हणाले, "नाव कमी करून टाका. रिपोर्ट अजून वर गेलेला नाही."

"सर, बॉक्स उघडलाय."

"एकच तर डोस झालाय."

"म्हणूनच म्हणतोय, सर." माझा आवाज चढला होता. साहेबांनी मान वर केली नाही, पण नावही कमी केलं नाही.

ही मंडळी परळीला गेल्याचं बसस्टँडवर कळलं. आठव्या दिवशी मी बॉक्स पिशवीत घालून एसटीने परळी गाठली. बाजारात त्यांचं पाल होतं आणि आता ते त्याच पालात झोपत होते. डोल्माने आधी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"गाड़ी कहाँ है?"

"एसटी से आया."

मग तिने गोळ्या हातात घेतल्या.

शेजारी सरूबाईंची चहाची टपरी होती. दिवसाआड डोस देणार का, असं मी त्यांना भीत भीत विचारलं. "चा पेयाला तर येतीच ती," त्या म्हणाल्या. "संगं गोळ्या घेती का काय, कोन बगतंय?" बॉक्स साखरेच्या डब्यामागे गेला. संक्रांतीपर्यंत सरूबाईंनी एकही डोस चुकू दिला नाही.

पासांगपुढे मात्र माझी डाळ शिजली नाही. थुंकीची डबी पुढे केली की तो हात मागे घ्यायचा.

"एक काग़ज़ से कमरा गया," तो म्हणाला. "दूसरा नहीं."

मी चार वेळा गेलो. चारही वेळा एसटीने. शेवटी वहीत 'नकार' लिहिलं. आमच्याकडे तो शब्द लिहिला की काम पूर्ण झालं असं धरतात.

डोल्मा परत निघाली तेव्हा उरलेला बॉक्स आणि ट्रान्सफरचा फॉर्म तिच्या हाती दिला. जूनअखेर तिकडच्या दवाखान्याचं उत्तर आलं: पेशंट बरी झाली. साहेबांनी मीटिंगमध्ये ही केस अभिमानाने सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या दिवाळीनंतर बीडला पुन्हा पालं लागली. डोल्मा अंगाने भरली होती, ओळखू येईना. पासांग कुठे आहे, मी विचारलं.

ती स्वेटरची घडी घालत राहिली. तो माल आणायला लुधियानाला गेला होता. तिथे खोकला वाढला, रक्त पडायला लागलं आणि तिथेच तो वारला.

"अस्पताल नहीं ले गए?"

"नहीं गया. बोला, वो लोग पता देखने घर आते हैं."

चूक माझी होती, असं मी तिला म्हणालो. गडबडीत मराठीतच म्हणालो. तिला कळलं असावं, कारण तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत गेलो. नव्या सुपरवायझरना पहिल्या दिवशी हेच सांगायचो. एवढंच का, म्हणून ते हसायचे. रजिस्टरात डोल्मापुढे 'बरी' लिहिलंय आणि ते खरं आहे. पासांगची तपासणीच झाली नाही, म्हणून त्याला पेशंट नंबर नाही. त्यामुळे आमच्या रिपोर्टात तो दगावलेलाही नाही.