तिच्या मापाचं टेबल

बायको गेली तेव्हा हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली, ती दीड वर्ष काढली नाही. मोहने गावातल्या कारखान्यात मी फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं हातांना ठाऊक. पण "अहो, एवढं बघा ना" म्हणणारीच उरली नाही, तर हात चालवायचे कुणासाठी?

मग सुनेची पाठ धरली. ती इथल्या, बाळकुमच्या घरातूनच कॉम्प्युटरवर काम करते. डॉक्टर म्हणाला, अर्धा वेळ उभ्याने काम कर, नाहीतर नोकरी सोड. नोकरी तिची जीव की प्राण. म्हणून टेबलावर पिठाचा डबा आणि डब्यावर लॅपटॉप ठेवून ती उभी राहायची. पोळ्यांना डबा लागला की काम बंद.

मुलाने मोबाईलवर मोटरवालं टेबल दाखवलं. बटन दाबलं की वर.

"माणसाच्या हातांना काय झालंय?" म्हटलं, आणि पेटी बाहेर ओढली.

काम सोपं. जाड चौकोनी पाईपात बारीक पाईप सरकवायचा, असे चार पाय. बारक्याला ओळीने होल, जाड्याला एकच. होल जुळली की आरपार पिन. वेल्डिंग नाक्यावर करून घेतलं, जुन्या दिवाणाची फळी बारक्या पाईपांवर बसवली. चार दिवस गॅलरीत ड्रिल चालवलं. शेजारीण विचारायला आली, आवाज कसला? म्हटलं, "तुमच्या मिक्सरपेक्षा बरा आहे."

रविवारी टेबल उभं केलं. बसायची उंची झकास. मग मुलाने आणि मी उचलून शेवटच्या होलात पिना घातल्या. सून पुढे उभी राहिली आणि भांडी घासायला वाकावं तशी वाकली.

"बाबा, हे... आईंच्या उंचीचं झालंय."

खरंच की. माप मी माझ्या लाकडी पट्टीवरून घेतलेलं. त्या पट्टीवर एक खाच आहे, बायकोच्या कोपराची. मोहन्याला राहायचो त्या खोलीतला ओटा त्या खाचेवर, या घरातलाही तिच्यावरच. बायको जेमतेम पावणेपाच फूट, सून माझ्याहून चार बोटं उंच! समोर उभ्या बाईला मोजायचं सोडून मी पट्टी मोजली.

मला हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहायला लागले. सून घाबरली.

"राहू द्या बाबा, मी डबा ठेवीन."

"डबा ठेवलास तर तंगडं मोडीन. कोपर दाखव."

नशीब, आतले पाईप कापले नव्हते. चांगला पाईप कापायला माझा हात धजत नाही. खाली वीतभर जास्तीचा होता, तिथे तीन-तीन होल मारली. होल जितकं खाली, तितकं टेबल वर. सून ताठ उभी राहिली.

"आता मीटिंगमध्ये कॅमेऱ्याला खालून माझ्या नाकपुड्या नाही दिसणार!"

महिना झाला, पाठ गप्प आहे. नोकरीही चालू आहे.

आधीची चुकलेली होल मी बुजवायला निघालो, तर सून म्हणाली, "थांबा, इकडे या." टेबल त्याच होलावर उतरवून तिने मला पुढे उभं केलं. माझी कोपरं फळीवर बरोबर टेकली. म्हातारपणाने मी इतका वाकलोय, मला कळलंच नव्हतं.

बायको जन्मभर म्हणायची, जरा खाली माझ्याकडे बघून बोला. आता बरोबरीला आलो.

संध्याकाळी सुनेचं काम संपलं की दोघं मिळून पिना काढतो, टेबल बायकोच्या मापाला आणतो आणि मी तिथे उभं राहून भाजी निवडतो. पेटी आता पलंगाखाली नसते. शेजारणीलाही टेबल हवंय. आधी तिला मोजणार.