नव्या माणसाची जीभ

लोक मला धीट समजतात. चाळीस वर्षं परांचीवर काढली, कधी पडलो नाही, म्हणून. पण खरं सांगू? माझ्याइतका भित्रा माणूस आमच्या खाडीकाठी दुसरा नसेल. उंचीची भीती पहिल्या महिन्यात गेली. दुसरी एक लागली ती अजून गेलेली नाही. आजही कुणाच्या घरी गेलो की चहाच्या आधी भिंत वाजवून बघतो आणि बायका मागे तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत.

आमचं घर मिठागरवाल्यांचं, रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. बापाचे पाय मिठाच्या पाण्यानं फाटून गेले होते, भेगांत बोट जाईल असे. एका उधाणाला बांध फुटला आणि आमचं आगर समुद्रानं परत घेतलं. माझं लग्न नुकतं झालेलं. बायको माणगावकडची, भातशेतीतली. तिला मी म्हटलं, गवंडीकाम शिकतो. ही सन तीसच्या पुढची गोष्ट. सिमेंट तेव्हा आमच्याकडे नुसतं ऐकून माहीत, सगळा गिलावा चुन्याचा.

मला घेतला तो मिस्त्री पालीकडचा. उंच, हडकुळा, गालात कायम तंबाखू आणि चुना. पहिल्याच दिवशी त्यानं मला परांचीवर चढवलं. बांबू आणि काथ्या, दुसरं काही नाही, पायाखालची फळी मी श्वास घेतला तरी हलायची. मी खांबाला घट्ट धरून खाली बसलो आणि डोळे मिटले. खालून मिस्त्री ओरडला, "अरं, बायको हाय काय ती तुझी, मिठी मारून बसलायस?" सगळी टोळी खिदळली. लाजेनं उठलो आणि थापी धरली. भिंतीवर टाकलेला चुना अर्धा माझ्याच डोक्यावर पडला.

त्या टोळीत एक रीत होती. वाळूची होडी काठाला लागली की टोळीतला सगळ्यात नवा माणूस ती वाळू चाखायचा. चिमूटभर जिभेवर ठेवायची, थोडी घोळवायची, थुंकायची आणि सांगायचं, गोड की खारी. वाळू यायची नदीवरनं, पण भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर तीही खारीच. होडीवाले आळशी, वर जायचे नाहीत, खालचीच भरून आणायचे आणि देवाची शपथ घालायचे.

"नवा मानूसच का?" मी विचारलं.

"आमच्या जिभा तंबाखूच्या चुन्यानं भाजल्या," मिस्त्री म्हणाला. "नव्याची जीभ कोरी. आनि ध्यानात ठेव, खारी वाळू भिंतीत गेली की भिंत पावसाळाभर घामेजते. मग तिला लोणा लागतो, पांढरी लव येते मिठाची. मग एक दिवस गिलावा अख्खा सुटून खाली येतो. खाली कोन बसलाय ते भिंत बघत न्हाय."

मला हसूच आलं. म्हटलं, "मिस्त्री, मिठाची पारख आगरातल्या मानसाला शिकवता व्हय? आमचा जन्म मिठात गेला."

"मग तर दुधात साखर!" मिस्त्री खूश झाला.

काय ही घमेंड! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी चिमूट जिभेवर ठेवली, जाणत्यासारखे डोळे बारीक केले आणि म्हणालो, "गोड हाय." होडीवाल्यानं माझ्याकडे क्षणभर टकामका पाहिलं. मग भराभरा पाट्या उतरवायला लागला. त्याचं ते बघणं मला नंतर आठवलं. नंतर आठवून काय उपयोग?

काम तांदळाच्या एका व्यापाऱ्याच्या घराचं होतं. सगळे त्याला शेठ म्हणत. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तिच्यासाठी मागची खोली नवी बांधलेली. तुळईला पाळण्याची कडी आधीच बसवून ठेवली होती, पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. मिस्त्रीनं ती भिंत एकट्या मला दिली. माझी पहिली भिंत! घोटून घोटून अशी केली की शेठाणी म्हणाल्या, "या खोलीत आरसा लावायलाच नको." मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

अमावास्येला गवंड्यांना सुट्टी. घरी गेलो. बायकोनं मासळीचं कालवण वाढलं. पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "अळणी झालंय गो."

तिनं पळी खाली आपटली. "अळणी? आवो, लगीन होऊन आले तवापासून या गावचं पानी माझ्या घशाखाली उतरत न्हाय. पानी खारट, भाजी खारट, आनि तुमी वरनं म्हनता अळणी! मी दोनदा मीठ टाकते तुमच्यासाठी आनि स्वतः पान्यात कालवून खाते. तुमच्या घरात कुनाला खारट कळतंच न्हाय!"

मी हसलो. आणि हसता हसताच मला ती होडीतली वाळू आठवली.

दुसऱ्या दिवशी कामावरची मूठभर वाळू धोतराच्या सोग्यात बांधून आणली आणि काही न सांगता तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, चाख. तिनं चाखली आणि दारापर्यंत धावत जाऊन थुंकली. "थू! समुद्र बांधून आनलात का काय?"

मी उंबऱ्यावरच बसलो. भिंत तर होऊन गेली होती.

सांगायचं होतं. त्याच दिवशी सांगायचं होतं. पण मिस्त्री हाकलून देईल आणि परत जायला आता आगरही उरलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत मी चार-पाच महिने ढकलले. टोळी तिथून हलली, पावसात काम बंद झालं. शेठची लेक आली, पोटुशी. कौलं बघायच्या निमित्तानं मी आठवड्याला त्या घरी जायचो. शेठाणीला वाटायचं, किती काळजी पोराला! एकदा गेलो तर लेक त्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. म्हणाली, "ही भिंत किती गार लागते हो! इथनं उठावंसंच वाटत नाही." गार लागणारच. आतून ओली होती ती. ती उठून गेल्यावर मी भिंतीवरनं बोट फिरवलं. बोटाला पांढरी लव आली. जिभेवर ठेवली. या वेळी मात्र मलाही खारट लागलं.

आणि मी काय केलं? उपरण्यानं ती लव पुसून टाकली. दर आठवड्याला पुसत राहिलो. माणूस भीतीपोटी किती हलकट होतो ते मी स्वतःवरनं सांगतो.

रात्री झोप नाही. कुठे काही पडलं, नारळाची झावळी पडली तरी दचकून उठायचो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळ जन्मलंय तिथं. बारशाच्या आदी तुमी सांगा, न्हायतर मी जाऊन सांगते."

बारशाला शेठनं सगळ्या टोळीला जेवायला बोलावलं. आम्ही ओटीवर बसलो होतो, मिस्त्री माझ्या शेजारी, धुतलेला पांढरा सदरा घालून. सांगू म्हणून मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी प्यालो. तेवढ्यात आतल्या दारातून दिसलं, बायका पाळणा कडीला अडकवत होत्या. झेंडूच्या माळा बांधलेला पाळणा. शेठची लेक बाळ घेऊन पुढे आली.

मी कसा उठलो ते माहीत नाही. बायकांच्या मधे घुसलो आणि ओरडलो, "पाळना काढा! भिंत खारी हाय! पोराला तिथं ठेवू नका!"

एक म्हातारी म्हणाली, याला लागिरलं की काय. मिस्त्री मात्र माझ्या मागोमाग आत आला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ भिंतीपाशी गेला आणि बोटाच्या पेरानं वाजवायला लागला. खाली टण, टण. खांद्याच्या उंचीला बद्द. पाळण्याच्या वर बद्द, बद्द. त्यानं बायकांना मागे सारलं, दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि जरासं ढकललं. दाराच्या फळीएवढा पोपडा सुटला आणि त्याच्या छातीवर आला. तो त्याला कवळून तसाच गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या सदऱ्यावर सगळा ओला चुना. मागे शेठच्या लेकीनं बाळ इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"कोणाचं काम हे?" शेठनं विचारलं.

"टोळी माझी, काम माझं," मिस्त्री म्हणाला. "भिंत मी पुन्ना करून देतो."

बाहेर आल्यावर त्यानं मला एक सणसणीत ठेवून दिली. कान दिवसभर वाजत होता. मग विचारलं, "चाखलीस कशी मग?" मी सगळं सांगितलं, बायकोचं कालवणसुद्धा. तो वाळूच्या ढिगावर बसला आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिला. म्हणाला, "चूक माझीच. समुद्रातल्या माशाला पान्याची चव इचारली मी." आणि थोड्या वेळानं, "आजपासनं टोळीची जीभ तुझी बायको."

थट्टा वाटली मला, पण त्यानं ते खरं केलं. प्रत्येक होडीची चिमूटभर वाळू मी फडक्यात बांधून घरी आणायचो. बायको चूल सोडून यायची, चाखायची. "गोड" म्हणाली की काम सुरू, "थू" म्हणाली की होडी परत. होडीवाले तिला शिव्या घालत आणि घाबरतही. दर कामाच्या शेवटी मिस्त्री तिच्यासाठी एक नारळ पाठवायचा, जिभेचा नारळ म्हणून. सात-आठ वर्षं असं चाललं. पेण, नागाव, रेवदंडा, कुठं कुठं भिंती केल्या. मला पुन्हा झोप लागायला लागली होती.

आम्हाला मूल उशिरा झालं. मुलगा. त्याच साली मी हौसेनं आमच्या घराची एक भिंत चुन्याची केली, बाकी तीन कुडाच्याच. वाळू अर्थात बायकोनं चाखलेली. पाळणा तिथंच टांगला. बारशाला तिचा भाऊ माणगावहून आला. पोराचं नाव ठेवून झालं, मी आणि मेहुणा जेवायला बसलो. तिनं कालवण वाढायच्या आधी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि मान डोलावली. "आज बरोबर झालंय," म्हणाली.

मेहुण्यानं पहिला घास घेतला. चावायचा थांबला. कसाबसा गिळला आणि पाण्याचा अख्खा तांब्या तोंडाला लावला. पाणी प्याला आणि त्याचं तोंड आणखीच वाकडं झालं. भला माणूस, नुसता भात चिवडत राहिला.

मी माझा घास घेतला. छान होतं कालवण. मीठ अगदी बरोबर.

आणि पुढचा घास मी तसाच ताटात टाकला. पाणी खारट म्हणून तिची कुरकुर मी शेवटची कधी ऐकली होती? आठवेना. मला वाटलं होतं, रुळली बिचारी. पेणची भिंत कधीची? नागावची? रेवदंड्याला तर शाळेची खोली होती, पोरं भिंतीला टेकून बसायची. तिची जीभ कधी गेली? कुठल्या होडीपासून?

ताटावरून उठलो. आधी पोराला पाळण्यातून उचललं आणि मेहुण्याच्या मांडीवर दिलं. मग उष्ट्या हातानंच भिंत वाजवली. खाली टण. पाळण्याच्या वर बद्द.

बायको पळी हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलं नव्हतं. जरा हिरमुसून म्हणाली, "असं काय उठलात वो भरल्या ताटावरनं? अळणी झालंय का?"