एका रकान्याने घात केला

मित्रांनो, आज जे झालं ते लपवून ठेवावंसं वाटत न्हाई.

अंबडजवळ आमचे देशमुख सर चार वर्षांपासून मिरचीचं रोगाला टिकणारं वाण शोधून राह्यलेत. त्यांच्या नोंदींचा, सी भाषेतला कॉम्प्युटर प्रोग्रॅम माझा. प्रत्येक झाडाला एक ओळ, प्रत्येक तपासणीला एक रकाना.

परवा सरांनी एक रकाना वाढवायला सांगितला. मी रिअलॉक या आज्ञेने मेमरी वाढवली, पण जुने आकडे नव्या रुंदीप्रमाणे सरकवायचे राहून गेले. एका झाडाचे आकडे दुसऱ्याच्या ओळीत घुसले. प्रोग्रॅम मात्र कुठंच अडला नाही, रोगट झाडांची यादी छापून मोकळा झाला.

आज सकाळी त्या यादीवरून सरांनी रोगट झाडं उपटून जाळली. दुपारी मला चूक सापडली. मी तडक शेतावर गेलो, सगळं सांगितलं.

"मंग त्यात चांगली झाडं बी गेली का?"

"गेली, सर."

"त्यांचं बी धरलेलं न्हाई रे अजून."

 मंग आम्ही दोघांनी वही घेऊन उरलेलं एकेक झाड तपासलं. टिकणाऱ्यांपैकी दोनच उभी होती.

मेमरी वाढवल्यावर तुम्ही जुने आकडे एकदा तरी डोळ्यांनी बघता का? मी बघितले नव्हते.