रशीदचाचांचे छत्तीस वेढे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही — पण आता पोटात राहत नाही.

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. दरवर्षी रेझोनंट कन्व्हर्टरचा पहिला तास झोपाळ्यापासून सुरू करतो. कॉईल आणि कपॅसिटर यांचा मिळून एक झोका असतो; त्याच्या तालात धक्का दिला, तर थोडक्या ताकदीत काम होतं. ताल सोडून फार खाली गेलात, तर आतले इलेक्ट्रॉनिक स्विच जळतात. मुलं लिहून घेतात. मी मात्र खिडकीबाहेर बघतो.

याच तत्त्वावर आम्ही कॉलेजात बनवलेल्या बॅटरी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर रशीदचाचांनी गुंडाळला होता. जवळच्याच मलकापुरात त्यांचं वायंडिंगचं दुकान. माणूस शाळा न शिकलेला, पण हात असा की आमची डिग्री फिकी पडावी. गप्पा मारत गुंडाळायचे. तारेच्या दर दहा वेढ्यांना मोजणीचा एक चिंचोका वाटीत.

एकदा कॉलेजात आलेल्या पाहुण्यांसमोर चार्जर चालवायचा होता. चाचांना मीच कौतुकानं बोलावलं होतं. सगळं नीट चालू होतं — मग मला कुठून दुर्बुद्धी सुचली? आणखी ताकद दाखवावी म्हणून मी फ्रिक्वेन्सी, म्हणजे धक्क्यांचा ताल, खाली आणत गेलो. चाचा हळूच म्हणाले, "सर, आवं बास. आवाज बदललाय." मी ऐकलं नाही. फाटकन आवाज झाला, स्विच जळाले, धूर आला.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी म्हणालो, वायंडिंग चुकलं असावं.

चाचांनी फक्त विचारलं, "माजंच चुकलं का, सर?"

मी मान हलवली. हो.

दुसऱ्या दिवशी दार लावून मी तो ट्रान्सफॉर्मर उकलला. वेढे मोजले. छत्तीस. सांगितले होते तेवढेच. तेव्हा तरी जायला हवं होतं ना मलकापूरला? नाही गेलो.

पुढं गेलो तो वर्षभरानं, दुसऱ्या कामासाठी. चाचा गप्प बसून गुंडाळत होते. आता एका वेढ्याला एक चिंचोका. गुंडाळायचं, उकलायचं, पुन्हा गुंडाळायचं. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली होती. त्यांनी काम माझ्यापुढं ठेवलं.

"तुमी मोजा, सर. माजा मलाच भरवसा न्हाई."

मी मोजले. बरोबर आहेत म्हणालो. त्यांचा चेहरा जरा उजळला — आणि तरी मी पुढचं बोललो नाही.

रमजानच्या आधी चाचा गेले. ते पहिले छत्तीस वेढेही बरोबर होते, हे त्यांना कळलंच नाही.