पाच बटणांचा कोट

"हात मागे. तिचं तिला करू दे."

मोठ्या बाईंचं हे वाक्य त्या शाळेच्या भिंतींनाही पाठ होतं. शाळा म्हणजे प्रार्थनागृहाच्या पाठीला चिकटलेली एक लांब खोली आणि तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं. गुडघ्याएवढी टेबलं, खुर्च्या, बटणं लावायला शिकवणाऱ्या लाकडी चौकटी, सगळं माझ्या रंध्याखालून गेलेलं. सुतार म्हणून बारा वर्षं मी तिथे येत-जात होतो. कोपऱ्यात पांढरं कापड घातलेलं प्रार्थनेचं बुटकं मेज, त्यावर दिवा आणि ग्रंथ. तिथवर पाण्याचं भांडं रोज एका मुलाने न्यायचं, आणि भांडं खऱ्या काचेचं. पडलं तर फुटलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

बाईंनी कधी आवाज चढवला नाही, कुणावर हात उगारला नाही. त्या नुसत्या थांबत. त्यांच्या त्या थांबण्यानेच माणूस सोलून निघे.

एका मुलीचा डावा हात जन्मापासून बारीक होता. तिच्या कोटाला पाच बटणं. थंडीत शाळा सुटली, सगळी पोरं पांगली, तरी ती दारात बटणांशी झगडत असायची आणि तिची आई पायरीवर उभी.

"बाई, एकच राहिलंय. लावू का?"

"हात मागे."

"अहो, पोरीची बोटं निळी पडलीत."

"तुमची नाहीत ना पडली? मग थांबा."

एकदा थांबता थांबता पोरीची चड्डी ओली झाली. बाईंनी फडकं आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरल्या. पोरीने फरशी पुसली. आई ओठ चावत बघत राहिली. थंडी सरायच्या आत त्या मुलीने पाचही बटणं आपली आपण लावली, हेही खरं. मी खोटं कशाला सांगू? पण आई त्या दिवशी हसली नाही.

धाकट्या बाई म्हणजे मोठ्या बाईंची भाची. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मावशीनेच वाढवली. "आईला पोचवून आलो, मी म्हटलं, मावशी, जवळ घे. तर म्हणाली, रडून झालं की जेवायला ये, ताट झाकून ठेवलंय." हे भाचीनेच मला सांगितलं होतं, खुर्च्या पुसता पुसता, हसत हसत.

मग बाईंचे हात थरथरू लागले. त्या ते शालीत लपवत. पण मुलांपासून काय लपतं? पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी प्रार्थनागृहाच्या मंडळाला. मंडळाने ठरवलं की बाईंनी पाणी ओतण्याचा पाठ सर्वांसमोर करून दाखवावा. जमला तर त्या राहतील. नाहीतर त्यांची जागा भाचीला, आणि शाळेमागची त्यांची खोलीही.

त्या सकाळी मी फळी ठोकत होतो. बाईंचा दबका आवाज कानावर आला.

"भांड्याच्या तळाला एक बोट लाव फक्त. कुणाला दिसणार नाही."

"बघते, मावशी."

"शाळेत बाई म्हणायचं."

मंडळाचे तिघे माझ्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसले. गुडघे हनुवटीला टेकलेले. बारीक हाताच्या मुलीची आई दारात उभी राहिली. मुलं मांडी घालून बसली. बाई मुलांच्या एका टेबलापाशी गुडघ्यांवर आल्या. पुढे सहा लहान पेले. पहिला भरला. दुसराही. तिसऱ्याला भांडं पेल्याच्या काठावर कडकड वाजू लागलं. बाईंनी भाचीकडे पाहिलं.

भाची वीतभर अंतरावर होती. तिचे हात मागे होते. मी मागच्या बाजूला, म्हणून मला दिसलं: बोटांत बोटं इतकी आवळलेली, की नखं पांढरी पडली होती.

भांडं पडलं. काच थेट दिव्याच्या मेजापर्यंत उडाली.

"अहो, कोणीतरी उचला ते!" मंडळाचे अध्यक्ष उठत म्हणाले.

"हात मागे," बाई म्हणाल्या. आवाज थरथरला नाही.

तेवढ्यात ती मुलगी उठली. तिने फडकं आणलं, बाईंपुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. चांगल्या हाताने बारीक हात पाठीमागे धरून ती उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे थांबली.

बाईंनी काचा वेचल्या, फरशी पुसली. फार वेळ लागला. फडक्यावर लाल डाग वाढत गेले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग छत पाहिलं. शेवटचा तुकडा टोपलीत टाकून बाईंनी खुंटीवरचा कोट घेतला आणि दारात येऊन पहिलं बटण धरलं. ते काजात जाईना. पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं.

आईचे हात पुढे आले, अगदी बाईंच्या कॉलरपर्यंत. मग ती थबकली. हात मागे घेतले.

"होईल, बाई," ती म्हणाली. "सावकाश."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. बटण सोडलं आणि उघड्या कोटाने पायऱ्या उतरल्या. वारा कोटाच्या दोन्ही बाजू फडफडवत होता. भाची खिडकीकडे पाठ करून उरलेले पेले फळीवर लावत होती. मुलगी मात्र खिडकीत, हात मागे धरून, बाई वळणाआड जाईपर्यंत उभी होती.

"आई," तिने विचारलं, "बाई आता पुन्हा करून बघतील ना?"