चुनाळं पोरीनं उघडलं नव्हतं

अन्याय झाला माझ्या अक्काच्या मुलीवर. वय वर्षं चार. केव्हा झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी 'असं काही आठवत नाही बुवा' म्हणायला नको. साठ साली, महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी, दुपारी तीन वाजून गेल्यावर, बायकांची पंगत अजून बसलेली असताना. जागा चामराजपेटेतली, अक्काच्या सासरची पुढची खोली.

मी तिथं होते. विड्यांचं तबक घेऊन दारातच उभी होते, म्हणून हे ऐकीव नाही.

अक्काच्या सासऱ्यांना घरातली सगळी, नातसुद्धा, अण्णाच म्हणत. अण्णा जेवून पलंगावर बसले होते. त्यांचं चुनाळं, म्हणजे विड्याला लावायच्या चुन्याची ती पितळी डबी, सदा धोतराच्या कनवटीला असे. ती सुटून खाली पडली. अण्णा म्हणाले, "ते दे बघू इकडं." पोरीनं ते उचललं. पलंग उंच, ती बुटकी. तिनं दोन्ही हातांनी चुनाळं डोक्यावर धरलं आणि वर बघत उभी राहिली. झाकण आपोआप उघडलं. पाहुण्यांसाठी त्या दिवशी चुन्यात पाणी घालून तो पातळ केलेला. तो सरळ तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

पोर किंचाळली. कोणीतरी म्हणालं, तूप घाला. मी धावत जाऊन तुपाची वाटी आणली. संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाण्यानं किती वेळ धुतला?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. "तूप कसलं घालता? चुना गेला की पाणी. घागरीच्या घागरी पाणी, त्याच क्षणी." वाटी मी आणली होती, हे मी माझ्या एकाही पत्रकात छापलेलं नाही. इथं लिहिते.

डावा डोळा गेला. त्यावर सारा, म्हणजे पांढरा पडदा, पडला, दुधासारखा. आणि दवाखान्यातून घरी यायच्या आत घरात निकालही लागून गेला होता: पोरीनं चुनाळं उघडलं. शेजारणी आल्या, त्यांना हेच सांगितलं गेलं. "वांड आहे हो फार. आणि आईचं लक्ष नको?" भावोजी फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले चार दिवस घरी, त्यांनाही पत्रातून हेच कळलं. मी म्हणत होते, झाकण आपोआप उघडलं, मी बघितलंय. सुनेच्या बहिणीचं त्या घरात कोण ऐकतं?

मला खरी चीड आली ती तिसऱ्या दिवशी. अण्णांच्या कनवटीला तेच चुनाळं होतं.

मी तेव्हा कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. बारीक स्प्रिंगा, खटके, पट्ट्या. नीट बसलंय की नाही ते बघायचं, नसेल तर परत पाठवायचं. अण्णा आंघोळीला गेले तशी मी चुनाळं उचललं. बिजागरी ढिली. झाकण धरून ठेवायला कडेवर एक बारीकसा उंचवटा होता, तो वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला. पलंगाच्या उंचीवरून चटईवर टाकलं, उघडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा उघडलं. असला माल आमच्या टेबलावरून पुढं गेला असता तर मला घरी बसवलं असतं.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक काढलं. आमच्या युनियनची पत्रकं जिथं छापत तिथंच गेले. छपाईचे खिळे जुळवणारा मथळा वाचून म्हणाला, "गुन्हा झाकणाचा, शिक्षा मुलाला. हे कुठल्या मालकाविरुद्ध?"

"डबीविरुद्ध."

"सरी, ठीक आहे. डबी निदान मारायला तरी माणसं धाडणार नाही."

मराठी घरं जिथं जिथं माहीत होती तिथं मी ते वाटलं. पंधरा दिवसांनी अक्काकडे गेले तर अण्णांच्या पानाच्या डब्यात काताची पुडी माझ्याच पत्रकाची. अण्णा म्हणाले, "कागद बरा आहे गं तुझा. कात सादळत नाही."

तेव्हा ठरवलं, कागद बस झाला. डबीच दुसरी करायची. पोरीला एक डोळा उरला होता, आणि ती दिवसातून दहा वेळा त्या पलंगाखालून चुनाळं उचलून देत होती. लागली होती सवय. चुनाळं पडलं की कोणी सांगायच्या आत धावायची.

पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, एक वयस्क कारागीर पितळेच्या लहान डब्या करायचा. बोलायचा कन्नड, मी उत्तर मोडक्या कन्नडात द्यायची. त्याला मी पहिला नकाशा दिला: ट्रंकेला असतो तसा आकडा. एका हातानं डबी घट्ट धरायची, दुसऱ्या हातानं आकडा सोडवायचा. त्यानं काही न बोलता करून दिली. मी आमच्या सिमेंटच्या जिन्यावरून वरच्या पायरीपासून खालपर्यंत गडगडवली. उघडली नाही. पोरीच्या हातात दिली, तिनं दातसुद्धा लावून बघितले, उघडली नाही. मी विजयी मुद्रेनं अण्णांपुढं ठेवली.

अण्णांनी डाव्या तळव्यावर पान घेतलं, शिरा काढल्या, उजव्या हातात डबी घेतली आणि थांबले. डबीकडं बघितलं, पानाकडं बघितलं.

"हे उघडेपर्यंत माझं पान कोण धरणार? तू?"

"मांडीवर ठेवा क्षणभर."

"धोतरावर? मग असं कर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, येऊन उभी राहत जा इथं. कारखान्यातून रजा घे." डबी बाजूला गेली, कनवटीचं चुनाळं बाहेर आलं. अंगठ्यानं टक्.

मी रागानं घरी येऊन म्हाताऱ्यांच्या हट्टावर दोन पानं लिहिली. छापली नाहीत, ते नशीब. कारण दुसऱ्या दिवशी डबी परत घेऊन गेले तेव्हा त्या कारागिरानं विचारलं, "अम्मा, पान खाता?"

"नाही." आमच्यात लग्नाआधी मुलीला विडा देत नसत. शिकणाऱ्याची जीभ जड होते म्हणत.

"मग खाणाऱ्याला हात किती असतात, तुम्हाला ठाऊक नाही."

"किती?"

"दीड." त्यानं स्वतःच पान काढून दाखवलं. डावा तळवा पानानं अडलेला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चुना, म्हणजे ते बोट कशाला लावायचं नाही. डबी राहिलेल्या बोटांत. उरतो फक्त अंगठा. "कुलूप अंगठ्याला करा."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही नकाशा आणला होता. विचारलं कुठं होतं?"

मला लाज वाटली, आणि ती लाज अजून आहे. लहानपणापासून शेकडो वेळा मी विड्यांचं तबक नेऊन पुरुषांपुढं ठेवलं होतं. ठेवायचं आणि आत जायचं. विडा खाणाऱ्याच्या हाताकडं मी कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी अण्णांच्या समोर भिंतीला टेकून तासभर बसले. अण्णा म्हणाले, "काय गं, पुढारीणबाई, आज पत्रक संपलं वाटतं."

"तुमचा अंगठा बघतेय."

"बघ बाई. त्याचाही मोर्चा काढ."

दुसरी डबी अंगठ्याची झाली. बिजागरीची भोकं गोल न ठेवता लांबट केली, आत पितळेच्या पातळ पट्टीची स्प्रिंग. झाकणाची पुढची कड एका ओठाखाली अडकलेली. अंगठ्यानं झाकण आधी मागं रेटायचं, म्हणजे कड ओठातून सुटते. मग तसंच रेटून धरून वर उचलायचं. पडताना धक्का बसून झाकण मागं गेलं तरी स्प्रिंग त्याला तिथल्या तिथं पुढं आणते. उचलायला वेळच मिळत नाही. पोरीच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. अण्णांना जमलं. आठ दिवस. नवव्या दिवशी चुना बिजागरीत वाळून दगड झाला आणि झाकण जागचं हलेना.

"तुझ्या डबीनं संप केला," अण्णा म्हणाले, आणि कनवटीला हात घातला.

तिसऱ्या डबीला संक्रांत उजाडली. बिजागरी कडेच्या बाहेर काढली, डबीच्या तोंडाला आतून कंगोरा दिला, बोटाचा चुना तिथंच निपटला जावा म्हणून. कारागीर वैतागला होता. "एवढ्यात एका लग्नाची भांडी झाली असती, अम्मा." पण करून दिली, आणि महिनाभर स्वतः वापरून दिली. तो मला त्या सगळ्या काळात भेटलेला एकमेव माणूस, ज्यानं 'पोरीचं लक्ष नव्हतं का' असं विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. यापुढं मी माती केली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी डबी घेऊन अण्णांपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "ही आपोआप उघडत नाही. पण देण्याआधी एकदा म्हणा, ती आपोआप उघडली होती."

अण्णांचा चेहरा उतरला, मग घट्ट झाला. "पोरीनं उघडलं."

"मी बघितलंय."

"पोरीनं उघडलं. साऱ्या घराला ठाऊक आहे."

"मग ही घेऊ नका."

"नकोच आहे."

ते तिरीमिरीत उठले आणि कनवट सुटली. चुनाळं ठणकन खाली, उघडं, चुना फरशीवर. आणि पोर दारातून धावली उचलायला. अक्कानं तिचा दंड असा खेचला की बांगडी फुटली.

अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं. "तुला डबी द्यायची आहे की त्यांच्याकडून वदवून घ्यायचं आहे? एक काय ते ठरव. या घरात दोन्ही व्हायचं नाही."

"खरं ते खरं, अक्का."

"खऱ्याचं पत्रक काढ तू. माझ्या पोरीला एकच डोळा राहिलाय."

"म्हणून काय तिनं जन्मभर..."

"स्वल्प गप्प बस. त्या दिवशी तुपाची वाटी कोणी आणली, हे मी या घरात कधी काढलं?"

मी डबी तिच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिळगुळाच्या ताटात ती अण्णांपुढं गेली. अक्का एवढंच म्हणाली, "माहेराहून आलंय, अण्णा." अण्णांनी अंगठ्यानं एकदा उघडली, मिटली. पुन्हा उघडली. "सरी," म्हणाले. पोरीच्या हातावर तिळगुळ ठेवला. बस.

जुनं चुनाळं कनवटीतून गेलं. दोनेक महिन्यांनी अक्काला ते त्यांच्या ट्रंकेत तळाशी सापडलं. झाकणावरून सुतळीचे इतके वेढे घातले होते की पितळ दिसत नव्हतं. मला सांगताना अक्का रडली. मी रडले नाही, मला संताप आला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि सुतळी गुंडाळण्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

त्याला आता चार वर्षं झाली. नवी डबी किती वेळा पडली असेल, उघडलेली नाही. पोरीचा उजवा डोळा शाबूत आहे, त्याच डोळ्यानं ती वर्गात पहिली येते. पेटेतला कारागीर म्हणतो, तसली डबी मागायला कोणी येत नाही. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक विचारत नाही. हे सगळं मला सहन होतं. मागच्या महिन्यात मी तिला शाळेतून आणायला गेले. नव्या बाईंनी तिला विचारलं, डोळ्याला काय झालं? पोर हजेरी द्यावी तितक्या सहज म्हणाली, "लहानपणी मीच चुनाळं उघडलं."

वाटेत मी तिला सांगितलं, तू नव्हतं उघडलंस. ती म्हणाली, "पण अण्णा तसं म्हणतात." मी तिला एकटीला, रस्त्यात, हळू आवाजात सांगत होते. घरात तिच्या अण्णांसमोर सांगायची हिंमत मी चार वर्षांत केली नव्हती, कारण नवी डबी ट्रंकेत जाईल आणि जुनं चुनाळं परत कनवटीला येईल ही भीती होती. भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत चार वर्षं पोरीनं भरली.

तेव्हा हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यापुरतं बघा. घरात चुनाळं असेल तर अंगठ्यानं उघडेल आणि पडून उघडणार नाही असं करून घ्या. नकाशा मागा, मी फुकट देते. आणि तुमच्या घरात भाजलेलं, पोळलेलं, डोळा गेलेलं मूल असेल, ज्याच्याबद्दल 'त्यानंच उघडलं, त्यानंच ओढलं' असं सांगितलं जातं, तर त्याला आज बोलवा. आजी-आजोबांसमोर बोलवा, घरातल्या सगळ्यांसमोर बोलवा, आणि मोठ्यानं सांगा की तू नव्हतं उघडलंस. कानात सांगू नका.